चाळीस घरांची ओळ

१

फाइल जशीच्या तशी होती. तिच्यातलं एक चिन्हही इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. बदललं होतं ते फक्त तिच्यासोबतचं लायसन्स, आणि तेवढ्यानेच सगळ्या ऑफिसची झोप उडाली होती.

ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिना असा अरुंद की वरून कुणी उतरत असलं तर खालच्याने पाय आवरून थांबायचं. पण तिथून एक लिनक्स डिस्ट्रो जगभर जात असे: लिनक्स आणि त्याच्या जोडीचे हजारो प्रोग्रॅम तपासून, जुळवून, कुणालाही फुकट घेता यावेत असे एकत्र बांधलेले. काम करणारी माणसं शेकड्यांनी होती, पण ती आपापल्या घरी. वर्षानुवर्षं एकत्र काम करून एकमेकांचा चेहरा न पाहिलेली. ऑफिसात रोज येणारी तिघंच.

त्यातल्या ताई लायसन्स तपासायच्या. कुणी काय लिहिलं, ते दुसऱ्याला द्यायची मुभा आहे का, असली तर कोणत्या अटीवर, हे वाचण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. बोलणं इतकं हळू की समोरच्याला आपसूक गप्प बसावं लागे. घरी एकट्या राहायच्या, ऑफिसात आल्या की आधी क्षणभर डोळे मिटून हात जोडायच्या आणि मग मशीन सुरू करायच्या.

दुसरे बुवा. पूर्ण टोपणनाव सोवळेबुवा. ज्या प्रोग्रॅमचा सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, उघडा नाही, त्याला ते बोट लावत नसत. त्यांच्या लॅपटॉपच्या वायफायला बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, लागायचं, म्हणून त्यांनी वायफायच सोडून दिलं होतं. भिंतीपासून त्यांच्या टेबलापर्यंत खोलीच्या मधोमध एक लांबलचक केबल गेली होती आणि तिला अडखळून पडला नाही असा माणूस त्या ऑफिसात नव्हता.

तिसरा स्टेशनमास्तर. नवी आवृत्ती ठरल्या दिवशी सुटली पाहिजे, मग आभाळ का कोसळेना, एवढंच त्याला ठाऊक.

"ताई, उद्या संध्याकाळी दार बंद," तो म्हणाला. "नंतर आत सुईसुद्धा जाणार नाही. त्या पाटीच्या फाइलचं काय ते ठरवा आणि मला मोकळं करा."

"ठरलेलंच आहे," बुवा मान वर न करता म्हणाले. "बाहेर आहे, बाहेर राहणार."

पाटी म्हणजे ब्रेलची पाटी. दृष्टी नसलेली माणसं कॉम्प्युटरला जोडतात ती. एका ओळीत चाळीस घरं, प्रत्येक घरात वरखाली होणारे बारीक ठिपके. स्क्रीनवरची अक्षरं त्या ओळीत उमटतात आणि बोटांनी वाचता येतात. ह्या पाट्या बनवणारी कंपनी बुडाली होती, पाट्या मात्र घराघरांत चालू होत्या. त्यांच्यातल्या चिपला स्वतःची स्मरणशक्ती नव्हती. दरवेळी सुरू करताना कॉम्प्युटरने तिला एक छोटीशी फाइल भरवायची, तेच तिचं फर्मवेअर. ती मिळाली नाही तर पाटी म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा.

त्या फाइलचं जुनं लायसन्स कंपनीचं होतं: कंपनी चालू असेपर्यंत वाटायला हरकत नाही. कंपनी गेली, मुभाही गेली. आणि महिनाभरापूर्वी कुणीतरी त्या जागी नवं, खुलं लायसन्स आणून ठेवलं: घ्या, वाटा, बदला, ज्याला हवं त्याला द्या. वाचायला किती छान! पण त्या लायसन्सची एक अट असते. वाटणाऱ्याने सोर्सही द्यायचा. आणि सोर्स कुठेच नव्हता. होती ती फक्त चिपला कळणाऱ्या आकड्यांची फाइल. म्हणजे दिलदारपणे उघडलेल्या दारानेच वस्तू घराबाहेर काढली होती. नियमाप्रमाणे ती चाचणीच्या आवृत्तीतून काढून टाकली गेली आणि उद्यापर्यंत उलगडा झाला नाही तर पक्क्या आवृत्तीतूनही जाणार होती. मग जगातल्या तसल्या प्रत्येक पाटीचे ठिपके पुढच्या अपडेटला खाली बसणार, ते पुन्हा उठायचे नाहीत.

"कुणीतरी कंपनीची फाइल ढापली आणि स्वतःची म्हणून वाटायला काढली," बुवा म्हणाले. "सरळ चोरी आहे."

"चोर मिळालेल्या मालाला कुलूप लावतो बुवा," ताई म्हणाल्या. "हा तर दार सताड उघडून निघून गेला."

"मग कोण, साधू?"

"ते बघायला हवं. फाइल काढायच्या हुकुमावर सही माझी आहे."

२

ताईंनी पहिली विचारपूस बुवांचीच केली. कारण फाइल गेल्याचा आनंद कुणाला झाला असेल तर तो त्यांनाच.

"माझ्यावर संशय?" बुवांनी चष्मा काढला. "अहो ताई, मला ती घालवायची असती तर मी उजळ माथ्याने आक्षेप घेतला असता. कंपनी बुडाली त्याच दिवशी घेता आला असता. का नाही घेतला?"

"का?"

बुवांनी चष्मा पुसला. "आंधळ्या माणसांची वस्तू आहे म्हणून. म्हटलं, आपल्याला कुणी विचारलेलं नाही, आपण बोलायला कशाला जा."

ताईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. त्या केबलवाल्या माणसाने आयुष्यात एकदा डोळेझाक केली होती आणि तिची त्याला लाज वाटत होती!

"पण नवं लायसन्स आल्यावर मला गप्प बसता येईना," बुवा पुढे म्हणाले. "लायसन्स देणाऱ्याने नाव लिहिलेलं नाही, नुसता मेलचा पत्ता. मी विचारलं, सोर्स कुठे आहे? ताबडतोब उत्तर: सोर्स पाठवलेला आहे. मी म्हटलं, ही तर नुसती फाइल आहे, सोर्स पाठवा. त्यावर काय म्हणतो, ऐका: 'दुसरं काही नाही. जे आहे ते तुमच्याकडेच आहे.' उद्धटपणा बघा!"

"मग?"

"मग फाइल चाचणीतून काढली आणि मी खरमरीत लिहिलं. एक नाही, चांगल्या चार मेल. गेले तीन आठवडे एक अक्षर उत्तर नाही. पकडला गेला म्हटल्यावर दातखीळ बसली!"

ताईंनी त्या मेल स्वतः वाचल्या. माणूस आधी उत्तर द्यायला किती तत्पर होता! विचारल्यावर तासाभरात. सूर उद्धट नव्हता, गोंधळल्यासारखा होता. जणू आपण समोर ठेवलेलं ताट समोरच्याला का दिसत नाही, हेच त्याला कळत नव्हतं. आणि मग एका दिवसापासून काहीच नाही.

"चार मेल झोंबल्या असत्या तर निदान चौथ्या वेळी तरी माणूस उलटून बोलला असता," त्या पुटपुटल्या.

पलीकडून स्टेशनमास्तर ओरडला, "उलटून बोलणारी माणसं बरी हो! माझा भिंगकाका बघा, तोही गायब. मदतपुस्तिकेची प्रुफं त्याच्याकडे पडून आहेत, तीन मेल टाकल्या, हूं नाही की चूं नाही. रुसला बहुतेक. गेल्या खेपेला मी त्याला किरकिऱ्या म्हटलं होतं."

भिंगकाका हा त्यांचा घरून काम करणारा प्रुफं तपासणारा. त्यालाही कुणी पाहिलेलं नव्हतं. नाव पडलं त्याच्या नजरेवरून. दोन शब्दांमध्ये एकाऐवजी दोन मोकळ्या जागा पडल्या की चांगल्या चांगल्यांच्या डोळ्यांना कळत नाही, हा पुस्तिकेच्या कुठल्याही पानावर त्या अचूक धरायचा.

"फोन केलास का त्याला?" ताईंनी विचारलं.

"नंबर कुणाकडे आहे? त्याने कधी दिलाच नाही."

ताईंनी पर्स उचलली. नवं लायसन्स आपल्या सहीने आत आणणारा माणूस ह्याच गावात होता, आणि त्याचा सही करायचा अधिकार काढून घ्यायचा ठराव स्टेशनमास्तरने आधीच लिहून ठेवला होता.

३

त्याला सगळे पेचकस म्हणत. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं: अंधांची घड्याळं, बोलणारे काटे, ब्रेलच्या पाट्या, जे काय बिघडेल ते दुरुस्त करायचं. दुकानात बसायला एकच स्टूल, ते त्याने ताईंना दिलं आणि स्वतः उभा राहिला.

"माझी सही काढून घेणार ना? घ्या," तो म्हणाला. "पण ज्याने लायसन्स दिलं, त्यानेच ती फाइल लिहिलीये. मी छातीवर हात ठेवून सांगतो."

"नाव काय त्यांचं, दादा?"

"ठाऊक नाही."

"म्हणजे न बघता, न ओळखता तुम्ही..."

"ताई, तुम्ही तरी तुमच्या त्या शेकडो लोकांना कुठे बघितलंय?"

ताईंनी पर्स मांडीवर घेतली.

"मी त्याची परीक्षा घेतली," पेचकस म्हणाला. "ह्या पाट्या मी वर्षानुवर्षं उघडतोय. एक खोड मला कधी कळली नव्हती. पाटी सुरू झाली की चाळिसाव्या घरातला कोपऱ्याचा ठिपका दोनदा उठतो. एकदा उठून बसतो, पुन्हा उठतो. मी कंपनीला विचारलं होतं, त्यांनाही माहीत नव्हतं. म्हणाले, दोष असेल, चालवून घ्या. म्हणून मी ह्या माणसाला विचारलं, की बाबा रे, तू लिहिलंस ना, मग सांग तो ठिपका दोनदा का उठतो?"

"काय म्हणाले?"

"थांबा. आधी डोळे मिटा."

त्याने फळीवरून एक पाटी काढली. ह्या मशीनवर अजून जुनी आवृत्ती होती, त्यामुळे पाटी जिवंत होती. त्याने ताईंचं बोट धरून ओळीवर ठेवलं आणि ती सुरू केली. अंधारात ताईंचं बोट सरकत गेलं. ठिपके, ठिपके, ठिपके. ही ओळ कुठे संपणार, ह्याचा काही अंदाज येईना. भिंत न सापडणाऱ्या खोलीत चालल्यासारखं वाटलं. आणि मग अगदी टोकाला काहीतरी बोटाला हळूच दोनदा टोचलं. ताई चटकन थांबल्या.

"त्याचं उत्तर असं होतं," पेचकस म्हणाला. "'बोटाला काठ कळावा म्हणून.'"

ताईंनी डोळे उघडले तरी बोट तिथेच राहिलं. कंपनीतल्या कुणाला हे ठाऊक नव्हतं. कसं असणार? ते सगळे पाटीकडे बघत होते.

"दादा, कुणाची पाटी बंद पडल्याची तक्रार आली का तुमच्याकडे?"

"अजून नाही. चाचणीची आवृत्ती कोण वापरतं हो? तुमच्यातलेच चार लोक. परवापासून येतील, रांग लावून." त्याने पाटी फडक्याने पुसली. "त्यांना काय सांगू तेवढं सांगून जा. पाटीत काही बिघाड नाही, कागदात बिघाड आहे, असं सांगू?"

४

संध्याकाळी ताई घरी आल्या. एक कप, एक ताटली, एक खुर्ची. दुसरी खुर्ची होती, पण तिच्यावर इस्त्रीचे कपडे राहायचे. धाकट्या बहिणीचा फोन येऊन गेला. "फायलींशी काय बोलत बसतेस अगं, माणसांत जात जा," हे तिचं नेहमीचं. ताईंनी हो हो म्हटलं, देवापुढे दिवा लावला, रोजचं वाचन केलं आणि फायलीशी बोलायला बसल्या.

फाइल उघडायच्या नेहमीच्या हत्यारात एका ओळीला सोळा आकडे दिसतात. पडदाभर आकडेच आकडे. मशीनने बनवलेल्या अशा फायली ताईंनी पुष्कळ पाहिल्या होत्या. त्या ठासून भरलेल्या असतात, प्रवासी बॅग भरावी तशा. एक तुकडा संपला की त्याला खेटून दुसरा, बोटभर जागा वाया नाही. प्रोग्रॅमचं भाषांतर करणारं मशीन काटकसरी असतं.

ही फाइल तशी नव्हती. हिच्यात मध्ये मध्ये शून्यांची मोकळी जागा सोडलेली होती. प्रत्येक तुकड्यानंतर थोडी. कशासाठी? मशीनला पुढचं काही सुचत नसतं. जागा सोडतो तो माणूस, उद्या इथे आणखी काही घालावं लागेल म्हणून.

आणि तुकडे सुरू होत होते ते भलत्याच ठिकाणी. एक ओळीच्या सुरुवातीला, पुढचा थोडा आत, त्याच्या पुढचा आणखी आत, जिन्याच्या पायऱ्यांसारखे तिरपे. ताई त्या पायऱ्यांकडे बघत राहिल्या. ह्यात काहीतरी शिस्त होती, फक्त ती सोळाची नव्हती.

त्यांनी ओळीची रुंदी बदलून पाहिली. अठरा. पायऱ्या हलल्या, पण तिरप्याच राहिल्या. वीस.

पायऱ्या नाहीशा झाल्या. सगळे तुकडे डाव्या कडेला येऊन एकाखाली एक उभे राहिले, शाळेतली मुलं प्रार्थनेला उभी राहतात तसे.

ताईंनी मोजलं. वीस आकडे. प्रत्येक आकडा दोन चिन्हांनी लिहिलेला. म्हणजे एका ओळीत चाळीस चिन्हं.

चाळीस घरं.

ज्याने ही फाइल लिहिली, त्याने ती पडद्यावर कधी पाहिलीच नव्हती. तो ती बोटांनी वाचत होता, एकेक ओळ, आणि प्रत्येक नवं काम त्याने नव्या ओळीवर सुरू केलं होतं, कारण बोट ओळीच्या सुरुवातीलाच परत येतं. ही फाइल दुसऱ्या कशापासून बनवलेलीच नव्हती. कुणीतरी एकेक आकडा हाताने ठेवत ती लिहिली होती. चिप चिमुकली, काम लहान. चिकाटी असली तर जमण्यासारखं होतं. सोर्स लपवलेला नव्हता, हरवलेला नव्हता. सोर्स म्हणजे लेखक बदल करायला जे स्वतः उघडतो ते. तो हेच उघडत होता. 'जे आहे ते तुमच्याकडेच आहे.' बिचारा अक्षरशः खरं सांगत होता, आणि त्याच्याकडे सगळे न लिहिलेलं काहीतरी मागत होते!

पण मग तो गप्प का झाला?

ताई उठून खिडकीशी गेल्या. समोरच्या इमारतीत दिवे लागत होते. तो पहिल्या दोन मेलना तासाभरात उत्तर देत होता. नंतरच्या मेलना नाही. मध्ये काय घडलं? मध्ये ताईंची सही झाली. चाचणीच्या आवृत्तीतून फाइल निघाली, आणि जे कोणी चाचणीची आवृत्ती वापरत होते त्यांच्या पाट्या...

तो माणूस स्वतः त्याच पाटीवर वाचणारा होता. बुवांच्या मेल त्याला पोचल्या होत्या, पण वाचणार कशावर? उत्तर मागणारी पत्रं त्याच्या दारात पडत होती, आणि ती उचलायचे हात ऑफिसनेच काढून घेतले होते.

बोटांनी वाचणारा. चाचणीची आवृत्ती वापरणारा, म्हणजे आपल्यातलाच. आणि तीन आठवडे गप्प. पुस्तिका नव्या आवृत्तीची असते, तेव्हा ती तपासणाऱ्याला चाचणीची आवृत्तीच लागते. आणि दोन शब्दांमधली जास्तीची जागा डोळ्यांना दिसत नाही, कारण डोळे ती ओलांडून पुढे जातात. बोट तिच्यात पडतं!

ताईंनी स्टेशनमास्तरला फोन लावला. "अरे, भिंगकाकाचा पत्ता आहे का कुठे? एकदा त्याला आपण पार्सल पाठवलं होतं ना, तो टीशर्ट?"

"आहे की. पण ताई, आत्ता? प्रुफांची एवढी काही घाई..."

"प्रुफांची नाही रे," ताई म्हणाल्या. "तो माणूस तीन आठवडे एकटा बसलाय."

५

सकाळी पहिल्या बसने त्या निघाल्या. शहराच्या टोकाला, जिथे बस वळून परत फिरते तिथे, एक जुनी तीन मजली इमारत होती. बेल वाजवली. आत बेल वाजल्याचं बाहेर स्पष्ट ऐकू आलं, पण कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. शेजारचं दार उघडलं.

"त्यांना ऐकू येत नाही हो," शेजारीण म्हणाली. "दिसत तर नव्हतंच. वर्षभरात कानही गेले. माझ्याकडे किल्ली असते, डबा ठेवायला. तुम्ही कोण, बहीण का?"

"कामावरची," ताई म्हणाल्या.

"बरं झालं आलात. आधी दिवसभर त्या मशीनवर बोटं चालायची, हसायचेसुद्धा एकटेच. हल्ली नुसते बसून असतात. काय झालं ते सांगतात, पण मला त्या मशीनमधलं कळत नाही, आणि मी काय बोलते ते त्यांना कळत नाही."

खोली स्वच्छ होती. भिंतीवर काही नव्हतं, दिवा लावायची सोयही कुणी केली नव्हती. टेबलाशी साठीतला एक माणूस बसला होता, हात पाटीवर, जसा कुणी झोपलेल्या मांजरावर ठेवतो तसा. शेजारणीने टेबलावर दोन टिचक्या मारल्या. तो म्हणाला, "आज डबा लवकर?"

ताईंनी त्याचा हात उचलला, तळवा वर केला आणि बोटाने अक्षर काढलं. तो दचकला. हात मागे घेतला नाही. ताईंनी पुन्हा काढलं.

"हळू," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा मोठा होता, स्वतःला ऐकू न येणाऱ्याचा असतो तसा. "आणि वरची रेघ मारू नका, गोंधळ होतो. बारा वर्षांचा होईपर्यंत दिसत होतं मला. आकार आठवतात."

ताईंनी लिहिलं: ऑफिसातली ताई.

"लायसन्सवाल्या ताई?" त्याचा चेहरा उजळला आणि लगेच बावरला. "प्रुफं राहिली हो. माफ करा. मी... माझं काहीतरी बिघडलंय."

ताईंनी लिहिलं: पाटी?

"आधी वाटलं पाटी. मग वाटलं, ठिपके उठत असतील, मलाच कळत नसतील. डोळे गेले, कान गेले, आता बोटं गेली. मग मी घरभर चाचपत फिरलो. टॉवेल, कंगवा, भिंतीचा पोपडा. सगळं कळत होतं. फक्त पाटीवरच काही नाही. तरी रोज ठेवून बघतो हात. म्हटलं, एखाद्या दिवशी..."

ताईंनी एकेक अक्षर काढलं: फाइल तुमची?

त्याने मूठ मिटली, पुन्हा उघडली.

"कुणी सांगितलं?"

ताईंनी लिहिलं: फाइलनेच.

"तरुणपणी लिहिली. स्वतःसाठी," तो म्हणाला. "कंपनीला नुसती वापरायला दिली. हक्क माझ्याकडेच राहिले, तसा करार आहे. त्यांनी काय केलं, मला स्टेजवर उभं केलं. आंधळा माणूस, काय कमाल आहे! टाळ्या. फाइल कुणी उघडून बघितलीच नाही. मग ठरवलं, आपलं काम आपल्याशिवाय कुठेतरी जाऊ दे. आता कंपनीही गेली. माझ्यानंतर पाटी बिघडली तर दुरुस्त कोण करणार? म्हणून उघडी केली, की कुणीतरी उचलेल. तुमच्या माणसाने सोर्स मागितला. मी म्हटलं, दिलाय. मग काही आलंच नाही त्यांचं. मला वाटलं, पटलं असेल."

ताईंनी पर्समधून पेनड्राइव्ह काढला. फाइल मशीनमध्ये परत ठेवली, पाटी बंद करून सुरू केली. चाळीस घरांतून बारीक खडखडाट झाला. तो त्याला ऐकू गेला नाही. पण बोटं ओळीवरून टोकापर्यंत धावत गेली, आणि तिथे थांबली. तो पुन्हा डावीकडे आला आणि पुन्हा टोकापर्यंत गेला.

ताईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. अजून एक काम राहिलं होतं, आणि दार संध्याकाळी बंद होणार होतं. त्यांनी लिहिलं: बदल करून दाखवा. काठ तीनदा.

तो हसला. फाइल उघडली, ओळी मोजत खाली गेला, एका मोकळ्या जागेशी थांबला. काही आकडे ठेवले, एक पुसला. "बघा," म्हणाला. पाटी पुन्हा सुरू झाली. ताईंनी टोकाच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. उठला, बसला. उठला, बसला. उठला.

त्यांनी तिथूनच बुवांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे बदल करायला तो तीच फाइल उघडतो," बुवा म्हणाले.

"माझ्यासमोर उघडली."

"मग सोर्स तोच. नियमात बसतं. पूर्ण बसतं." पलीकडे कीबोर्ड वाजू लागला. "आता पूर्वीसारखी बंदिस्त फायलींच्या भागात कशाला, उघड्या भागात घालतो. माझ्या सहीने. स्टेशनमास्तरला सांगा, पेचकसाचा तो ठराव फाडून टाक म्हणावं." मग जरा दबक्या आवाजात: "ताई, माझ्या त्या चार मेल... तेवढ्या त्यांना वाचू देऊ नका हो. मी फार वाईट लिहिलंय."

ताईंनी वळून पाहिलं. "उशीर झाला बुवा. ते वाचतायत."

तो मेलवर पोचला होता. ओठ हलत होते. "'निर्लज्जपणाची हद्द,'" तो मोठ्याने वाचत होता, "'दुसऱ्याच्या मेहनतीवर आपला शिक्का...' वा. कोण आहेत हे? भाषा चांगली आहे." पाटीवरचं बटण दाबून तो पुढच्या ओळीवर गेला, मग पुढच्या मेलवर. एक शब्दही तो गाळत नव्हता. काही वाक्यांवर परत येत होता. स्टेशनमास्तरच्या प्रुफांच्या तक्रारी वाचताना तर त्याला हसू आवरेना.

ताईंनी दुसरी खुर्ची शोधली. नव्हती. त्या खाटेच्या कडेला बसल्या.

सगळ्यात शेवटी बुवांची चौथी मेल राहिली. त्याने तिची पहिली ओळ वाचली, आणि बोटं उचलून हात मांडीवर ठेवले.

ताईंनी त्याच्या तळव्यावर लिहिलं: सोडून द्या ती. शिव्या आहेत.

"सोडतो कशाला?" तो म्हणाला. "ही संध्याकाळी वाचायला ठेवलीये."